विश्लेषण : दोन वर्षांच्या मुलासह दोन दिवस समुद्रकिनारी… सहल आरामाची कशी होईल?

शुक्रवारी रात्री निघायचे, शनिवारी दोन किनारे, एक किल्ला आणि एक देऊळ, रविवारी सकाळी बोटीतून फेरी, दुपारी मासळीचे जेवण आणि रात्री घरी. कोकणातल्या छोट्या सहलीचा हा ठरलेला आराखडा. घरात दीड-दोन वर्षांचे मूल आल्यावरही तो फारसा बदलत नाही; फक्त बॅगा वाढतात. परिणामी आई-वडील जातानापेक्षा येताना अधिक दमलेले असतात. पण प्रश्न केवळ दमणुकीचा नाही. दमलेल्या माणसाचे लक्ष सुटते आणि पाण्याच्या काठी सुटलेले लक्ष महागात पडते. त्यामुळे लहान मुलासह समुद्रावर जाताना ‘काय काय पाहायचे’ याआधी ‘काय काय सोडायचे’ हे ठरवायला हवे.

आराखडा बदलण्याची गरज का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात, दुपारच्या झोपेसह, ११ ते १४ तासांची झोप हवी. तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तासांची. म्हणजे लहान मुलाचा जागेपणीचा दिवसच मुळात छोटा. त्यातून जेवणखाण, आंघोळ आणि कडक उन्हाचे तास वजा केले, की किनाऱ्यावर घालवण्याजोगे सकाळी दीड-दोन तास आणि संध्याकाळी तेवढेच उरतात. शुक्रवारी दुपारपर्यंत पोहोचून रविवारी दुपारी निघायचे म्हटले, तर समुद्रावरचे फेरे होतात चार. या चार फेऱ्यांत तीन गावे कोंबली, तर बळी जातो तो दुपारच्या झोपेचा. झोप मोडलेले मूल संध्याकाळी किरकिर करते आणि मग ‘हा कुठेच रमत नाही’ असा ठपकाही त्याच्याच माथी येतो.

एवढा खर्च करून जायचे तर सगळे पाहून यायला नको का, हा युक्तिवाद नेहमी होतो. तो मोठ्यांच्या सहलीपुरता ठीक आहे. दोन वर्षांच्या मुलाला किल्ला आणि देऊळ यांतला फरक कळत नाही. ओल्या वाळूवर छोट्या खेकड्यांनी मांडलेल्या वाळूच्या गोळ्या मात्र त्याला अर्धा तास खिळवून ठेवतात. दुसऱ्या दिवशी त्याच जागी जाऊन तोच खड्डा पुन्हा खणण्यात त्याला कंटाळा नसतो, उलट ओळखीचा आनंद असतो. त्यामुळे एक गाव, एक मुक्काम आणि एकच किनारा ही तडजोड नव्हे. या वयासाठी तोच योग्य बेत आहे.

ठिकाण किती लांबचे असावे?

अंतर किलोमीटरमध्ये न मोजता घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतच्या तासांत मोजावे. एका दिशेला साधारण चार तास ही मर्यादा धरली, तर दोन रात्रींची सहल सुसह्य होते. मुंबईकरांसाठी अलिबाग, आक्षी, नागाव, किहीम हा पट्टा त्यात बसतो. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या रो-रो सेवेमुळे भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसह सुमारे तासाभरात पोहोचता येते. मुलाचे सामान खांद्यावरून वाहावे लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा. गेटवेहून सुटणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. पुणेकर ताम्हिणी घाटातून दिवेआगरला जातात. हा प्रवास दीडशे किलोमीटरहून अधिक आणि वळणावळणांचा आहे. घाटापूर्वी भरपेट खाऊ घालणे टाळावे आणि मुलाच्या झोपेच्या वेळी गाडी चालती राहील असे निघावे.

गोव्याचे विमान तासाभराचे असले, तरी विमानतळावरची प्रतीक्षा आणि पुढचा टॅक्सीचा प्रवास धरून अर्धा दिवस जातोच. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र आसन नको असेल तर तिकीट लागत नाही. पण रात्रभर एकाच बर्थवर मुलासह झोपलेल्या मोठ्या माणसाला सकाळी ताजेतवाने वाटेल, ही अपेक्षा करू नये. काळ निवडायचा तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा उत्तम. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ज्या काळात कोळी बांधवच समुद्रात जात नाहीत, त्या काळात पर्यटकांनी लहान मुलाला घेऊन लाटांच्या जवळ जाण्याचे कारण नाही.

भरती-ओहोटीचे गणित काय?

खोलीचे आरक्षण करताना बहुतेक जण शनिवार-रविवार पाहतात, तिथी कोणी पाहत नाही. वास्तविक किनाऱ्यावरचा दिवस घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर चालतो. दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते आणि दर दिवशी भरतीची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर जुन्या लोकांचा ढोबळ हिशेब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास आणि पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या अलीकडे-पलीकडे.

या हिशेबाचा लहान मुलाच्या वेळापत्रकाशी थेट संबंध आहे. अष्टमीच्या आसपास सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे मूल किनाऱ्यावर असण्याच्या वेळीच पाणी वर आलेले असते. खेळायला वाळूची अरुंद पट्टी उरते. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास त्याच वेळी ओहोटी असते. वाळू लांबवर उघडी पडते, शंख-शिंपले सापडतात आणि मुलाला पळायला जागा मिळते. मात्र याच दिवसांत उधाण असते, भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो आणि पाण्याला ओढही अधिक असते. म्हणून खेळ वाळूवर, पाण्यात नव्हे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते; परतायला उशीर झाला तर वाट पाण्याखाली जाते. मुलाला कडेवर घेऊन ही शर्यत लावू नये. पाऊणपटीचा हिशेब बेत आखण्यापुरताच वापरावा. प्रत्यक्ष जाताना भरतीचे अधिकृत वेळापत्रक पाहावे आणि उंच लाटांबाबत हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या केंद्र सरकारी संस्थेचा इशारा तपासावा.

धोका नेमका कुठे असतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार बुडून मृत्यू होण्याचे प्रमाण जगभरात एक ते चार वर्षे वयोगटात सर्वाधिक आहे. या वयाचे मूल बुडताना ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. घोट्याएवढ्या पाण्यात तोंडावर पडले तरी त्याला स्वतःहून उठता येईलच असे नाही. त्यामुळे ‘आम्ही जवळच होतो’ हे पुरेसे ठरत नाही. हात लांबवला की मूल हाताला लागले पाहिजे, एवढेच अंतर सुरक्षित. फुगवलेली रिंग किंवा दंडावरचे फुगे ही खेळणी आहेत, सुरक्षेची साधने नव्हेत.

धोका केवळ समुद्राचा नसतो. नारळी-पोफळीच्या वाडीतील मुक्काम गारव्याचा असतो, पण वाडीत विहीर असते, हौद असतो, शिंपण्यासाठी भरून ठेवलेले पिंप असते. नव्या रिसॉर्टमध्ये कुंपण नसलेला तरणतलाव असतो. पोहोचल्यावर बॅगा उघडण्याआधी आवारात एक फेरी मारून या जागा पाहून घ्याव्यात. वाळूवर धावणाऱ्या मोटारी, घोडागाड्या आणि चारचाकी ‘एटीव्ही’ हा आणखी एक धोका. वाळूत बसलेले मूल चालकाला दिसेलच असे नाही. भाड्याच्या दुचाकीवर मुलाला मध्ये बसवून किनारा गाठण्याची पद्धतही सर्रास दिसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला बांधणारा सुरक्षा पट्टा आणि मुलाचे हेल्मेट आवश्यक आहे, तर वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. सुट्टीत हा नियम रजेवर जात नाही.

मुक्काम आणि खाणेपिणे कसे असावे?

समुद्र दिसणाऱ्या खोलीपेक्षा समुद्रापासून पाच मिनिटांच्या चालीवरची, तळमजल्यावरची, सावलीतली खोली बरी. दुपारी झोपलेल्या मुलाला गार, अंधारी जागा लागते. खिडकीतला समुद्र त्याच्या उपयोगाचा नाही. आरक्षणाच्या वेळी फोनवर चार प्रश्न विचारावेत. आंघोळीला गरम पाणी मिळेल का, वीज गेल्यावर पंखा चालतो का, सकाळी सातला दूध मिळेल का आणि मुलासाठी तिखटाविना वरण-भात किंवा खिमट करून मिळेल का? घरगुती मुक्कामांत या चारही प्रश्नांची उत्तरे बहुधा ‘हो’ अशी येतात. घावणे, मऊ भात, केळी आणि शहाळ्याचे पाणी यांवर लहान मुलाचे दोन दिवस सहज निघतात. मासा द्यायचा तर काटे बोटांनी चाचपूनच.

सामानात सुती, लांब बाह्यांचे कपडे, कडा असलेली टोपी, जलसंजीवनीची पाकिटे, नेहमीची औषधे आणि एक जुनी चादर असावी. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात वाळूवर जाऊ नये. सुरूच्या बनातली सावलीही भर दुपारी पुरत नाही. जवळचा बालरोगतज्ज्ञ किंवा ग्रामीण रुग्णालय कुठे आहे, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. वापरलेले डायपर घरी परत आणण्यासाठी जाड पिशवी न्यावी. ते वाळूत पुरणे हा उपाय नव्हे; भरती ते दुसऱ्या कुणाच्या मुलासमोर आणून टाकते.

सुट्टी नेमकी कोणाची?

हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. अनेक घरांत सहल म्हणजे आईसाठी तेच काम अपुऱ्या साधनांनिशी करणे असते. घरी निदान मिक्सर, कपडे वाळवायची दोरी आणि मदतीला येणाऱ्या मावशी असतात. किनाऱ्यावर तिने वाळू झटकायची, भरवायचे, झोपवायचे आणि बाकीच्यांचे फोटो काढायचे. आजी-आजोबा सोबत असतील तर ‘मूल सांभाळायला माणसे आहेत’ असे धरले जाते. पण सत्तरीच्या माणसाला पाण्याकडे धावणाऱ्या मुलामागे पळता येत नाही.

उपाय साधा आहे. चार फेरे, तर प्रत्येक फेऱ्यात मुलाची जबाबदारी एकाच मोठ्या माणसाची आणि ती नाव घेऊन सांगितलेली. त्या वेळी त्याचा फोन खिशात, इतरांना मोकळीक. पुढच्या फेऱ्यात पाळी बदलते. यामुळे आईला सलग दोन तास आपले असे मिळतात आणि सुरक्षाही वाढते. कारण ‘सगळे लक्ष ठेवून आहेत’ याचा अर्थ अनेकदा कोणाचेच लक्ष नाही, असा होतो. मुलाला या वयातले काही आठवणार नाही, मग जायचेच कशाला, असेही म्हटले जाते. आठवण मोठ्यांना राहते. शिवाय विश्रांतीची गरज या वर्षांत त्यांनाच सर्वाधिक असते.

यंत्रणांची जबाबदारी कोणती?

सारे काही पालकांवर सोडणेही योग्य नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. त्या दुर्घटनेनंतर किनारा सुरक्षेची मोठी चर्चा झाली. शेजारच्या गोव्यात २००८ पासून राज्य सरकारने नेमलेल्या संस्थेचे जीवरक्षक किनाऱ्यांवर असतात. ऑक्टोबर २०२० मध्ये देशातील आठ किनाऱ्यांना स्वच्छता आणि सुरक्षेसाठीचे ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन पहिल्यांदा मिळाले, तेव्हा त्यात महाराष्ट्राचा एकही किनारा नव्हता.

लहान मुलासह येणाऱ्या कुटुंबाच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेला फलक, धोक्याच्या जागी लाल झेंडा, गर्दीच्या दिवशी जीवरक्षक, स्वच्छ शौचालयात मुलाचे कपडे बदलायला एक ओटा आणि वाळूवर वाहनांना बंदी. ग्रामपंचायती पर्यटकांकडून पार्किंगचे पैसे घेतात. त्याच्या बदल्यात एवढे मागणे रास्त आहे. तोवर बेत आखणाऱ्यांच्या हाती असलेली सर्वात स्वस्त सुरक्षा म्हणजे यादी छोटी करणे. न पाहिलेला किल्ला पाच वर्षांनीही तिथेच असेल, आणि तेव्हा मूल स्वतःच्या पायांनी तो चढेल.