पदरमोड करून रडणें

ह्या सदरांत आम्हीं आजवर पंचांगांतील मतभेद, मुलांचें शुद्धलेखन, लग्नांतील आहेर, फार तर एखाद्या जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ति, ह्यांपलीकडे वाचकांस फारसें नेलेलें नाहीं. तेव्हां आज आम्ही बर्फावरील हॉकीविषयीं लिहावयास बसलों आहों हें पाहून पुष्कळांच्या भुंवया वर जातील. आमच्याही जातात. परंतु २०२५ सालच्या मे महिन्यांत आम्ही टोरांटो येथें आमच्या पुतण्याच्या घरीं असतां जो प्रसंग घडला, तो हॉकीच्या निमित्तानें घडला एवढेंच. एरवीं तो आपल्यापैकीं कोणाच्याही माजघरांत घडण्यासारखा होता, म्हणून सांगतों.

रविवार, ता. १८ मे. टोरांटोचा मेपल लीफ्स हा धंदेवाईक संघ आणि फ्लॉरिडाचा पँथर्स संघ ह्यांचा सातवा, म्हणजे निकाली सामना होता. ह्या खेळांत दोन्ही बाजूंचे सहा-सहा गडी पायांत पोलादी पात्यांचे जोडे घालून बर्फावर वावटळीसारखे फिरतात आणि रबराची काळी चकती काठीनें हाणीत सुटतात. वीस-वीस मिनिटांच्या तीन डावांत जो ती अधिक वेळां जाळ्यांत घालील तो जिंकला. हंगामाच्या शेवटीं सोळा संघांच्या बाद फेऱ्या होतात, आणि एका फेरींत सातांपैकीं चार सामने जिंकील तो पुढें जातो. पहिला डाव कोरा गेला. दुसऱ्या डावांत सात मिनिटांच्या आंत पाहुण्यांनीं तीन गोल केले. तिसऱ्यांत टोरांटोचा एक गोल झाला, नातू उभा राहून ओरडला, आणि त्याची आरोळी विरते न विरते तोंच पाहुण्यांचा चौथा गोल! अखेर ६-१. त्याच आखाड्यावर चारच दिवसांपूर्वीं ह्याच संघाकडून ह्याच अंकांनीं मार खाल्लेला होता.

दूरचित्रवाणीवर दिसत होतें कीं, आखाड्यांतील कित्येक प्रेक्षक अंगांतील निळे सदरे काढून बर्फावर फेंकीत आहेत. आमचा अकरा वर्षांचा नातू मुकाट्यानें उठला, आपला निळा सदरा काढला, आणि स्वयंपाकघरांतील केराच्या डब्याचें झांकण उघडून आंत टाकला. त्याचा बाप संतापला. "उचल तो! आपले लोक हरले म्हणून कोणी आपले कपडे टाकतो?" मुलगा म्हणाला, "बाबा, यंदा जिंकतील असें तुम्हीच म्हणालां होतां. गेल्या वर्षींही म्हणालां होतां." सूनबाई म्हणाल्या कीं, ह्या घरांत दरवर्षीं वैशाखांत एक सुतक येतें, तें आतां पुरे, पुढल्या वर्षीं हा खेळ लावावयाचाच नाहीं. आणि मग तिघांनींही आमच्याकडे पाहिलें. "नानाकाका, तुम्हीच सांगा."

घरांत वडील माणूस असण्याचे जे तोटे आहेत त्यांतला हा एक.

कागदपत्रें पाहिल्यावांचून निकाल द्यावयाचा नाहीं ही आमची शाळेंतली संवय. आम्हीं मुदत मागून घेतली आणि पुढले तीन आठवडे ह्या संघाचा इतिहास वाचला. तो असा. राज्यपाल लॉर्ड स्टॅन्ले ह्यांनीं १८९२ साली जो चषक दिला, तो ह्या नगराच्या संघानें, जुन्या नांवांचे दोन धरून, तेरा वेळां जिंकला. मेपल लीफ्स हें नांव १९२७ सालचें, कॉन स्माइथ ह्यांनीं दिलेलें. ऐन मंदींत, १९३१ साली, त्यांनीं काहीं महिन्यांत मोठें क्रीडागृह उभारलें. मजुरांनीं मजुरीचा कांहीं भाग कंपनीच्या भागांच्या रूपानें पत्करला. त्या वास्तूंतील पहिलाच सामना संघ हरला. पण त्याच हंगामांत चषक जिंकला. १९४२ साली अंतिम फेरींत पहिले तिन्ही सामने हरून पुढले चार जिंकले. असा हा संघ! शेवटचा चषक २ मे १९६७ रोजीं, माँट्रिऑलला हरवून. त्या विजयी संघांत चाळिशी उलटलेले गडी होते, गोलरक्षक जॉनी बोवर बेचाळीस वर्षांचा होता. त्या वेळीं स्पर्धेंत अवघे सहा संघ. पुढल्याच हंगामांत बारा झाले, आणि आज बत्तीस आहेत. तेव्हांपासून टोरांटो अंतिम फेरींतही पोहोंचलेला नाहीं.

बत्तिसांत एकच जिंकतो, तेव्हां न जिंकणें हा अपराध नव्हे, असें आम्हीं प्रथम नातवास सांगितलें. त्यानें आम्हांस जो पाढा वाचून दाखविला त्यापुढें आमचें गणित टिकलें नाहीं. २०१३, २०१८, २०१९, २०२१, २०२२, २०२४ आणि २०२५ : हे सातही सातवे सामने हरले! २०१३ मध्यें तर बॉस्टनविरुद्ध अखेरच्या डावांत ४-१ पुढें होते, आणि जादा वेळांत ५-४ नें गेले. २०२१ मध्यें माँट्रिऑलविरुद्ध तीन सामने जिंकून एक हरले होते. उरलेले तिन्ही हरले. २००४ नंतर एक फेरी जिंकण्यास २०२३ साल उजाडावें लागलें. हें सर्व ज्या मुलास तोंडपाठ आहे त्याच मुलास सात आणि आठचा पाढा येत नाहीं, ही गोष्ट आम्हीं त्या वेळीं काढली नाहीं.

आणखी एक प्रसंग त्यानें सांगितला तो तर नाटकांत घातला असतां कोणी खरा मानला नसता. २२ फेब्रुवारी २०२० रोजीं कॅरोलायना संघाचे दोन्ही गोलरक्षक एकाच सामन्यांत जायबंदी झाले. अशा वेळीं यजमान संघानें एक राखीव गोलरक्षक पुरवावा असा तेव्हां नियम होता. टोरांटोनें पुरविला तो डेव्हिड एअर्स नांवाचा बेचाळीस वर्षांचा गृहस्थ, आईनें दिलेल्या मूत्रपिंडावर जगणारा, आखाड्यांतील बर्फ गुळगुळीत करण्याचें यंत्र चालविणारा. त्यानें पहिले दोन गोल खाल्ले आणि पुढले आठही फटके अडविले. टोरांटो ६-३ नें हरलें. विशेष हें कीं तो ज्या इमारतींत काम करी ती म्हणजे १९३१ सालचें तेंच जुनें क्रीडागृह. एके काळीं बेचाळीस वर्षांच्या म्हाताऱ्यानें ह्यांना जिंकून दिलें, दुसऱ्या काळीं बेचाळीस वर्षांच्या बर्फवाल्यानें हरविलें! ह्यास काकतालीय न्याय म्हणावें कीं कांहीं अन्य, तें नैयायिकांनीं ठरवावें.

दोष कोणाचा? येथें आमच्या जातीचीच, म्हणजे शिक्षकांची, गोष्ट निघाली. हॅरल्ड बॅलर्ड नांवाचे एक मालक होऊन गेले. १९७२ साली चोरी व फसवणुकीबद्दल त्यांना शिक्षा झाली, तरी १९९० साली मरेपर्यंत संघ त्यांच्याच मुठींत राहिला. तो काळ वाईट होता ह्याबद्दल टोरांटोंत दुमत नाहीं. त्यानंतर १९९४ साली ज्यांनीं मोठा हिस्सा घेतला ती संस्था म्हणजे ऑन्टॅरिओ प्रांतांतील शिक्षकांचा निवृत्तिवेतन-निधि! हें वाचून आमची छाती प्रथम फुगली. पहिलीं दहा वर्षें संघही बरा खेळला. पुढें २००५ पासून लागोपाठ सात हंगाम तो बाद फेऱ्यांपर्यंतही पोहोंचला नाहीं. तरीही आखाडा भरलेलाच असे. शिक्षकांनीं २०११ च्या अखेरीस आपला जवळजवळ ऐशीं टक्के हिस्सा दोन दूरसंचार कंपन्यांस १३२ कोट डॉलरांस देण्याचा करार केला. वृद्ध शिक्षकांचें वेतन सुरक्षित राहिलें, आणि आम्ही स्वतः पेन्शनीवर जगणारे असल्यामुळें त्यांना नांवें ठेवण्यास आमची जीभ वळत नाहीं. पण ज्या दुकानांत नासका मालही रांग लावून खपतो, त्या दुकानदारास माल निवडण्याची निकड ती काय असणार? एप्रिल २०१२ मध्यें संघाच्या अध्यक्षांनीं वर्तमानपत्रांत प्रेक्षकांची जाहीर क्षमा मागितली. क्षमापत्रानें तिकिटांचा दर उतरल्याचें आमच्या पुतण्यास आठवत नाहीं.

उतावळेपणाचेही दाखले आहेत. तळाच्या संघांस नव्या पोरांतून आधीं निवड करूं देण्याची ह्या स्पर्धेंत चाल आहे. मागच्या बांकावरच्यास लाडू आधीं, असा हा न्याय. टोरांटोनें १९८९ साली आपला पुढला हक्क देऊन एक मध्यम वकुबाचा बचावपटू घेतला. त्या हक्कावर न्यू जर्सीनें स्कॉट नीडरमायर उचलला, आणि तो पुढें चार चषकांचा धनी झाला. २००९ साली पुन्हां दोन वर्षांचे पहिले हक्क बॉस्टनला देऊन एक नांवाजलेला गडी आणला. बी दळून भाकरी केली, आणि पेरणीच्या वेळीं शेजाऱ्याच्या शेताकडे पाहत बसले.

एवढ्यावर आमचा निकाल तयार झाला होता : दोष प्रेक्षकांच्या आंधळ्या निष्ठेचा, सबब पुतण्यानें तिकिटें बंद करावींत आणि मुलाचा सदरा केरांतच जाऊं द्यावा. पण पुतण्यानें एक हरकत घेतली ती खरी होती. २००५ पासून प्रत्येक संघाच्या पगारावर मर्यादा आहे, श्रीमंतास वाटेल तितके गडी विकत घेतां येत नाहींत. आणि २०१६ साली तळाशीं राहून ऑस्टन मॅथ्यूज हा पहिल्या क्रमांकाचा मुलगा मिळाल्यापासून पुढल्या नऊ वर्षांत संघ एकदांही बाद फेऱ्यांना मुकला नाहीं. म्हणजे वर्षभर उत्तम अभ्यास आणि परीक्षेच्या दिवशीं हात थरथरणें! असे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्यावर ओरडून उपयोग होत नाहीं, आणि न ओरडतां राहवतही नाहीं.

मग तो जें बोलला तें आम्हांस ठाऊक नव्हतें. "नानाकाका, मी इथें आलों तेव्हां पहिल्या हिवाळ्यांत कचेरींत माझ्याशीं कामाखेरीज कोणी बोलत नसे. एके सोमवारीं कोणीतरी विचारलें, शनिवारचा सामना पाहिलास का? मी खोटेंच हो म्हटलें. पुढच्या शनिवारीं खरोखर पाहिला. जिंकणाऱ्या संघाच्या लोकांत मला जागा मिळाली असती कीं नाहीं, ठाऊक नाहीं. रडणाऱ्यांत लगेच मिळाली." आम्ही त्याचें पत्र दर पंधरवड्यास वाचीत असूं. सर्व कुशल, असें त्यांत असे.

सूनबाई हें सर्व ऐकत होत्या. त्यांना हें माहीत होतें असें त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलें. त्यांनीं तोड सुचविली कीं, खेळ पाहावयाचाच तर स्त्रियांच्या नव्या धंदेवाईक संघाचा पाहावा, तिकीट बेताचें आणि मुलीसही नेतां येईल. नातवानें तत्काळ सांगितलें कीं, त्या स्पर्धेचा पहिलाच सामना १ जानेवारी २०२४ रोजीं टोरांटोंत झाला आणि टोरांटो ४-० नें हरलें. त्या वर्षीं गुणांत पहिलें येऊनही उपांत्य फेरींत दोन सामने जिंकल्यावर पुढले तिन्ही गमावले. ह्यावर सूनबाईसुद्धां हंसल्या.

आम्हीं निकाल दिला तो तुटपुंजाच होता. जीव लावावा कीं लावूं नये हें आमच्या हातचें नाहीं; पैसा मात्र बापाच्या हातचा आहे. म्हणून तिकिटें वर्षभर बंद. सदरा केरांतून काढून, धुऊन, वरच्या फडताळांत ठेवावा. मुलगा मागेपर्यंत कोणी त्याचें नांव काढूं नये, आणि बापानें "यंदा जिंकतील" हे दोन शब्द घरांत उच्चारूं नयेत. सदरा सूनबाईंनीं त्याच रात्रीं धुवून टाकला होता, असें नंतर समजलें.

ऑक्टोबरांत नवा हंगाम लागला तेव्हां आम्ही पुण्यास परतलों होतों. सूनबाईंचा दूरध्वनि आला. तिकिटें काढलेलीं नाहींत. बापलेक दोघेही दूरचित्रवाणीपुढें बसले आहेत. सदरा मुलानें आपण होऊन मागितला, पण पांच महिन्यांत तो खांद्यांत लहान झाला असून नवा हवा आहे, आणि सदरा हें तिकीट धरावयाचें कीं नाहीं, म्हणजे त्याचे पैसे आमच्या निकालाप्रमाणें कोणी द्यावयाचे, हा वाद पुन्हां आमच्याकडे आला आहे. आम्हीं अद्याप उत्तर कळविलेलें नाहीं. सदऱ्याची किंमत किती पडते, तेवढें मात्र विचारून ठेविलें आहे.