आधी मल्टिमीटर, मग अ‍ॅम्प्लिफायर

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, अणदुरात मी गाड्यांचं वायरिंग करतो. मैलारपूरची पौषातली यात्रा जवळ आली किंवा लग्नसराई लागली, की एकाच तक्रारीच्या गाड्या दारात उभ्या राहतात. दोन वूफर बसवलेत, पैसे घातलेत, पण बेस निघत नाही. उपायही गाडीवाल्यानं ठरवूनच आणलेला असतो. “मालक, ह्यो काढा अन् मोठा अ‍ॅम्प्लिफायर टाका.”

माझं म्हणणं स्पष्ट आहे. मल्टिमीटर न लावता मोठा अ‍ॅम्प्लिफायर विकणं ही गिऱ्हाइकाची लूट आहे.

परवा मुरूमकडचा एक पिकअपवाला असाच आला. दोन बारा इंची वूफर, प्रत्येकी 4 ओहमचे. गाडी चालू ठेवून बॅटरीवर मोजलं, 14.1 व्होल्ट. गाणं लावून अ‍ॅम्प्लिफायरच्या टर्मिनलवर मोजलं, तर प्रत्येक ठोक्याला काटा 11.4 वर. ज्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये व्होल्टेज सांभाळणारी सोय नसते, त्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं पडते. म्हणजे 100 वॅटचे 65 उरले. अशा गाडीत दुप्पट मोठा अ‍ॅम्प्लिफायर टाकला, तर तो जास्त करंट ओढणार आणि व्होल्टेज आणखी खाली जाणार.

मधले पावणेतीन व्होल्ट वायरीत आणि अर्थिंगमध्ये जात होते. घरच्या फिटिंगची अडीच एमएमची वायर बोनेटपासून मागपर्यंत ओढलेली. खरे 500 वॅट काढायचे, तर चांगल्या क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायरलाही 45 अँपिअरच्या आसपास करंट लागतो. एवढ्या करंटला अडीच एमएमच्या पाच मीटर तांब्यात दीड व्होल्ट जातो. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम असलेल्या वायरीत त्याच्या दीडपट. बाजारात ती तांब्याची म्हणूनच हातात देतात, याचा मला राग येतो. अर्थिंगचा बोल्ट तर रंगावरच आवळलेला होता. गाणं वाजत असताना अ‍ॅम्प्लिफायरचा मायनस आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये मीटर धरा. अर्धा व्होल्ट दिसला, तरी पत्रा घासून बोल्ट पुन्हा बसवायची वेळ आली समजा.

दुसरी गोष्ट जोडणीची. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर 2 ओहमवर चालणारा, पण दोन्ही वूफर एकामागोमाग जोडून 8 ओहम केलेले. तिथंच ताकद चौथ्या हिश्श्याच्या जवळ येते. समांतर जोडले की 2 ओहम होतात. अ‍ॅम्प्लिफायरला 2 ओहम झेपतात का, हे मात्र त्यावर वाचूनच जोडावं. आणि एका वूफरचं प्लस-मायनस उलटं लागलं असेल, तर एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, बेस एकमेकांना खाऊन टाकतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून कोन कुठं हलतो ते बघता येतं.

गेन पूर्ण पिळणं हा तर रोगच झालाय. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, तो टेपच्या सिग्नलशी जुळवायचा असतो. वूफर काढून 50 हर्ट्झचा सूर लावा. 4 ओहमवर 300 वॅट हवे असतील, तर आउटपुटला 34.6 व्होल्ट एसी दिसेपर्यंत गेन वाढवा आणि तिथं थांबा. त्यापुढं सूर फाटतो, वूफरची कॉइल जळते.

खोक्यावर 2000 वॅट छापलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला कधी कधी 30 अँपिअरचा फ्यूज असतो. 30 गुणिले 14 म्हणजे 420 वॅट आत जाणार, मग सतत 2000 बाहेर कुठून येतील? अमेरिकेत सीटीए-2006 (आधीचं नाव सीईए-2006) हे ऐच्छिक मानक आहे. 14.4 व्होल्ट, 4 ओहम आणि जास्तीत जास्त एक टक्का विकृती, या अटींवर मोजलेला आकडाच त्यात धरतात. आपल्याकडच्या दुकानदारांनी निदान बिलावर आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारी ताकद, वायरीची जाडी आणि धातू लिहून द्यावा, आणि गिऱ्हाइकानं तो मागून घ्यावा.

त्या पिकअपला नवा अ‍ॅम्प्लिफायर लागला नाही. 21 एमएमची तांब्याची वायर, घासलेला पत्रा, समांतर जोडणी आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. हा फ्यूज आधी नव्हताच. 45 अँपिअरला त्या जुन्या वायरीत 70 वॅटची उष्णता होत होती, आणि ती वायर सीटखालच्या मॅटमधून गेलेली होती.