सरासरीच्या पलीकडे



एम.कॉम.च्या वर्गात मी संख्याशास्त्र शिकलो ते सूत्रांच्या रूपाने. सरासरी, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन हे सारे पाठ होते आणि गुणही उत्तम मिळाले. ही सूत्रे कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतात, हे मात्र मी कधी विचारले नाही. त्या न विचारण्याची किंमत पुढे इतरांना मोजावी लागली.

एका ग्रामीण शाखेत असताना मी पीककर्जाच्या वसुलीचा अहवाल तयार केला. गावाची सरासरी समाधानकारक होती, तसेच मी लिहिले. वस्तुतः कालव्याखालील शेतकऱ्यांनी संपूर्ण फेड केली होती आणि कोरडवाहू शेतकरी पार बुडाले होते. सरासरीत ते दिसलेच नाहीत, म्हणून मुदतवाढीच्या यादीतही आले नाहीत. त्यांच्यापैकी एक वयोवृद्ध गृहस्थ मला म्हणाले, “साहेब, कागदावर आमचं गाव बरं दिसतंय.” ते वाक्य अद्याप कानात आहे.

निवृत्तीनंतर प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याविषयी वाचताना त्या वाक्याची वारंवार आठवण झाली. ते केंब्रिज येथे गणित व पदार्थविज्ञान शिकले. १९१५ मध्ये स्वदेशी परतण्यापूर्वी त्यांच्या एका शिक्षकांनी कार्ल पिअर्सन यांच्या ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाकडे त्यांचे लक्ष वेधले. त्याचे अंक त्यांनी सोबत आणले आणि बोटीवरच वाचावयास घेतले. पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवता शिकवता त्यांनी तेथेच संख्याशास्त्राची लहानशी प्रयोगशाळा उभारली. तीतून १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था जन्मास आली.

राजचंद्र बोस, समरेंद्रनाथ रॉय यांसारखे तरुण गणिती त्यांनी या कार्याकडे वळवले. १९४१ मध्ये कलकत्ता विद्यापीठात संख्याशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. देशातील तो पहिलाच. पहिल्या तुकडीत सी. आर. राव होते. १९५९ च्या कायद्याने संस्थेला स्वतः पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. आपल्याकडे पुणे विद्यापीठात या विषयाची उभारणी केली ती केंब्रिजलाच शिकलेल्या प्रा. व. शं. हुजुरबाजार यांनी.

परंतु महालनोबिसांचे खरे ऋण अभ्यासक्रमापेक्षा दृष्टीचे आहे. संख्याशास्त्राला प्रयोजन हवे, असा त्यांचा आग्रह होता. बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज घेण्यासाठी त्यांचे कार्यकर्ते यदृच्छेने निवडलेल्या जमिनीच्या तुकड्यांवर प्रत्यक्ष जात. आधी लहान प्रमाणावर चाचणी घ्यावयाची, चुका कोठे होतात ते पाहावयाचे आणि मगच मोठी पाहणी हाती घ्यावयाची, ही त्यांची रीत. आकडा कोठून आला, कोणी आणला आणि त्यात किती चूक संभवते, हे विचारणे हाच तेथे पहिला धडा होता. मला तो कोणी दिला असता, तर अहवाल लिहिण्यापूर्वी मी कालव्याच्या पलीकडे एक फेरी नक्कीच मारली असती.

आपल्या वाचकांना आनंद वाटावा अशी आणखी एक गोष्ट आहे. १९५४ मध्ये संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिलेल्या निबंधात महालनोबिसांनी स्याद्वादाचा विस्ताराने विचार केला. सप्तभंगीतील ‘अवक्तव्य’ या भंगात त्यांना संभाव्यतेच्या कल्पनेशी जवळीक दिसली. १९५७ मध्ये त्यांच्याच ‘संख्या’ या नियतकालिकात जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांनीही स्याद्वादावर लेख लिहिला. याचा अर्थ आधुनिक संख्याशास्त्र आपल्या ग्रंथांत आधीच होते, असा कोणी काढू नये. तसा अभिमान अनेकांताशीच विसंगत ठरेल. मात्र निश्चित ज्ञानाच्या मर्यादा ओळखून बोलावे, हा संस्कार दोन्हींत आहे.

आज आपली मुले गणकयंत्रावर क्षणात सरासरी काढतात. ती काढून झाल्यावर त्यांना एवढेच विचारावे : “बाळा, या सरासरीत कोण दिसत नाही?” उत्तर शोधण्यास त्यांच्यासोबत आपणही बसावे. मी ते फार उशिरा शिकलो.