गांजाच्या रोपाचं पाणी मोजता, आईच्या हंड्याचं कोण मोजणार?

परवा रात्री साडेदहाला एका पोराचा मेसेज आला. नाव-गाव सांगत नाही. मार्कंड्यापासून फार लांब नाही, एवढंच. "भाऊ, पाणी तपासून देनारी लॅब कुठं हाये जी?"

मला वाटलं, चला, एक तरी पोट्टा कामाचं विचारतोय. गावात पाण्यानं कोणी आजारी पडलं असेल, बातमी असेल. लगेच फोन लावला.

बातमी नव्हती. पोरानं घरामागं टिनाच्या आडोशाला गांजाची चार रोपं लावली होती. शेणखत, गांडूळखत, निंबोळी अर्क, सगळं बयाजवार. "पुरं ऑरगॅनिक हाये भाऊ, केमिकलचा एक थेंब नाही." अडचण एकच, पानं पिवळी पडून रायली होती. मोबाईलवर व्हिडिओ पाहून त्यानं टीडीएस मीटर मागवलं, पीएचच्या पट्ट्या मागवल्या. आकडा पाहून त्याच्या ध्यानात आलं की बोअरचं पाणी रोपाला मानवत नाही.

मी विचारलं, "घरी प्यायला कोणतं पाणी?"

"तेच. बोअरचं."

"त्याचं कधी मोजलं का?"

पोरगं हसलं. "आमी तं लहानपणापासून पितो भाऊ, आमाले काय होते?"

मी त्याला रोपं उपटायला सांगितलं. काही जण विचारतील, पोलिसांना का नाही सांगितलं. चार रोपांपायी एका विशीतल्या पोराचं आयुष्य कोर्टात सडावं असं मला वाटत नाही. पण असा तो एकटा नाही, हे मला माहीत आहे. म्हणून हे जाहीर लिहितोय. पोरांसाठी लिहितोय, आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या गावच्या कारभाऱ्यांसाठी.

आधी पोरांशी बोलतो.

तुमच्यातल्या अर्ध्यांना वाटतं की विकलं नाही, स्वतःपुरतं लावलं, तर गुन्हा छोटा. उलट आहे बाबांनो. १९८५ चा एनडीपीएस कायदा काढून वाचा. खिशात एक किलोपर्यंत गांजा सापडला तर ती "अल्प मात्रा" धरतात. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण झाड लावलं तर कलम २० चा पहिलाच भाग लागतो. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तिथं एक झाड की शंभर, असा भेद कायद्यानं लिहिलेला नाही. घरचं की विकायचं, हाही नाही. शेणखत घातलं होतं की युरिया, हे तर कोणी विचारतच नाही.

आणखी एक. सातबारा कोणाच्या नावावर आहे? बापाच्या. आपल्या जमिनीवर असं झाड दिसलं तर पोलिसांना लगेच कळवणं हे जमीनधारकाचं काम आहे, असं याच कायद्याचं कलम ४६ सांगतं. कलम ४७ तीच जबाबदारी सरपंच, पंच आणि गावच्या अधिकाऱ्यांवर टाकतं. म्हणजे तू घरामागं झाड लावलंस आणि बापानं पाहून न पाहिल्यासारखं केलं, तर त्यालाही तू गोवलंस. तुरीच्या, कपाशीच्या ओळीत लपवलेली झाडं पकडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. मी स्वतः अशा बातम्या लिहिल्या आहेत. फोटोत हिरवी झाडं दिसतात, पोलीस दिसतात आणि मधोमध खाली मान घातलेला एक शेतकरी. पुढं वकिलाची फी, जामीनदाराची शोधाशोध आणि तारखांच्या चकरा. त्या फोटोत येत नाहीत.

मग कोणी म्हणतं, "महाशिवरात्रीच्या जत्रेत साधूच्या चिलमीला तं लोक हात जोडतात." खरं आहे. आपला समाज या बाबतीत दुटप्पी आहे, मान्य. कायदाही काही फार सरळ नाही. गांजा म्हणजे शेंडे, फुलोरा. नुसतं पान आणि बी शेंड्याशिवाय असेल तर ते गांजाच्या व्याख्येत बसत नाही. म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत. आपल्याकडं त्याला राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा वेगळा आडवा येतो. एकाच झाडाचे इतके कायदे! यावर वाद घालायला मी तयार आहे.

पण तो वाद नीट घाला. "आपले वाडवडील बिनधास्त लावायचे" हे पालुपद बंद करा. इंग्रज सरकारनं १८९३ मध्ये भारतीय भांग-गांजा आयोग नेमला होता. सात सदस्य, हजाराच्या वर साक्षी. १८९४ च्या अहवालात त्यांनी सांगितलं की माफक सेवनानं बहुतेकांचं फारसं बिघडत नाही, अतिसेवनानं बिघडतं, आणि सरसकट बंदी नको. गांजाचे समर्थक एवढंच सांगतात. पुढचं सांगत नाहीत. त्याच आयोगाला परवाना, कर आणि लागवडीवर कडक ताबा हवा होता. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, आणि त्या प्रांतात गांजाची लागवड खंडव्याकडं, सरकारच्या नजरेखाली व्हायची. घरामागं टिनाच्या आडोशाला लावायची मुभा तेव्हाही नव्हती.

कायदा बदलायचा तर उघड मागणी करा. आपल्याच जिल्ह्यात मेंढा-लेखानं दाखवलंय ना? बांबू आपल्या दारात, आणि तोडला तर गुन्हा. त्या गावानं रात्री चोरून बांबू तोडून प्रश्न सोडवला नाही. ग्रामसभा घेतल्या, कायदा वाचला, कागद केले. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. उत्तराखंडनं २०१८ पासून तंतू-बियांच्या, नशा नसलेल्या भांगेच्या शेतीला परवाने दिले, तेही एनडीपीएसच्याच कलम १४ च्या आधारानं. म्हणजे वाट आहे. ती दिवसाढवळ्या चालायची वाट आहे.

आता त्या "ऑरगॅनिक" शब्दाकडं येतो.

शेणखत घातलं म्हणजे पीक शुद्ध झालं, हा भ्रम आहे. झाड जमिनीतून आणि पाण्यातून जे मिळेल ते ओढतं, आणि हे झाड तर त्यात पटाईत. कॅडमियम, शिसं, निकेल यांसारखे जड धातू भांगेचं झाड मुळांतून वर घेतं. म्हणून तर चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर तिथली दूषित माती साफ करण्यासाठी हे झाड लावून पाहिलं गेलं. जे झाड माती साफ करायला लावतात, त्याचा धूर तुम्ही छातीत भरता आणि वर त्याला ऑरगॅनिक म्हणता. शेजारचा चंद्रपूर पट्टा म्हणजे कोळसा, राख, औष्णिक वीज. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर चौथ्या नंबरवर होतं. तिथल्या मातीत आणि पाण्यात काय उतरलंय हे शेणखताला कसं कळणार? तपासून घ्यायचं तर बेकायदा पिकाला कोणती लॅब दाखला देईल? घरच्या गांजाचं ऑरगॅनिकपण हे फक्त तोंडी प्रमाणपत्र आहे. देणारा तूच, घेणाराही तूच.

हे झालं पोरांचं. आता मोठ्यांची पाळी.

त्या पोरानं एक गोष्ट मात्र बरोबर केली. त्यानं पाणी मोजलं. चुकीच्या कामासाठी मोजलं, पण मोजलं. पान पिवळं पडलं की दोष पाण्यात असेल, हे त्याच्या डोक्यात आलं. आपल्या गावात लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, चाळिशीतल्या बाईचे गुडघे आखडतात, तेव्हा हे कोणाच्या डोक्यात येतं?

चंद्रपूर-गडचिरोलीत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, हे आजचं नाही. वर्षानुवर्षं माहीत आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड. त्यावर गेलं की आधी दात जातात, मग हाडं. नायट्रेटची मर्यादा ४५. ते शेतातल्या खतातून आणि संडासाच्या खड्ड्यातून विहिरीत उतरतं, आणि तान्ह्या लेकराला सगळ्यात आधी बाधतं. ही दोन्ही पाणी उकळून जात नाहीत. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. गाळूनही जात नाहीत. चवीला लागत नाहीत, डोळ्याला दिसत नाहीत.

आणि मित्रांनो, ते टीडीएस मीटरवरही दिसत नाहीत. तो पेन पाण्यात विरघळलेले एकूण क्षार सांगतो, ते कोणते हे सांगत नाही. आकडा २५० आला म्हणून फ्लोराइड नाही असं होत नाही. जुलाबाचे जंतू तर त्याला ठाऊकच नाहीत. त्या पोराला वाटतं त्यानं पाणी तपासलं. खरं तर त्यानं फक्त खारटपणा पाहिला.

मग खरं तपासायचं कोणी? यंत्रणा नाही असं कोणी म्हणू नये. जलजीवन मिशन २०१९ मध्ये आलं. माणशी रोज ५५ लिटर आणि तेही शुद्ध, असा शब्द आहे. गावागावात पाणी तपासायचा संच द्यायचा आणि पाच बायांना तो वापरायला शिकवायचं, असं त्यात ठरलंय. पंचायतीकडं जलसुरक्षक आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. पावसाळ्याआधी आणि नंतर पाणवठ्यांची पाहणी करून गावाला लाल, पिवळं, हिरवं कार्ड द्यायची आपल्या राज्याची पद्धत आहे. कागदावर एवढं सगळं आहे.

आता तुमच्या पंचायतीत जाऊन विचारा, संच कुठाय? मी काही ठिकाणी विचारलं. एका गावात तो कपाटात होता, आणि कपाटाची चावी कोणाकडं यावर दहा मिनिटं चर्चा झाली. त्यातली औषधं मुदतीतली आहेत का, हे कोणीच सांगू शकलं नाही. दुसरीकडं, शिकवलेल्या पाच बायांपैकी एकीनं सांगितलं, "शिकवलं जी, फोटो काढला, मंग कोनी बलावलंच नाही." बोअरवर ब्लीचिंगचा हिशोब वहीत आहे, टाकीत किती पडलं ते टाकीलाच माहीत.

ज्या गावात बाईला शिकवून घरी बसवतात, त्या गावात पोरगं मोबाईलवर शिकणार आणि गांजाचं पाणी मोजणार. अक्कल गावात आहे. तिला काम द्यायला कोणी नाही.

नदीची गोष्ट वेगळी नाही. मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते म्हणून आपण तिच्यात डुबकी मारून पुण्य मिळवतो, घरी बाटली भरून नेतो. पण वर काय चाललंय? नागपूरच्या सांडपाण्याचा मोठा भाग नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात येतो. आपण त्याच नदीच्या खालच्या अंगाला राहतो. जत्रेच्या आधी घाट झाडतात, मंडप पडतो, व्हीआयपीसाठी वेगळी रांग लागते. घाटाच्या पाण्याचा तपासणी अहवाल फलकावर लावलेला मी आजवर पाहिला नाही. लाखो माणसं जे पाणी तोंडात घेतात, त्याचा आकडा लोकांना कळायला नको?

आपल्या जिल्ह्यानं १९९३ मध्ये दारूबंदी मिळवली ती बायांच्या रेट्यानं. तेव्हाही आपल्याला सांगितलं होतं की असं काही होणार नाही. नशेविरुद्ध भाषणं करायला आज सगळे पुढं येतात, कारण भाषणाला पैसे लागत नाहीत. पोराला नशेपासून तोडायचं असेल तर त्याच्या हातचं मीटर हिसकावून भागणार नाही. त्याला सांगा, ये, गावाचं पाणी तपास. संच उघड, बायांसोबत बस, विहिरीमागं विहीर तपासून आकडे भिंतीवर लिही. गावाला तुझं काम आहे हे त्याला एकदा तरी कळू द्या.

१५ ऑगस्टची, २ ऑक्टोबरची ग्रामसभा असते. सत्काराच्या शाली वाटून होण्याआधी उभं राहा आणि हे विचारा:

१. आपल्या गावातल्या प्रत्येक बोअर, हातपंप आणि विहिरीचं पाणी शेवटचं कधी तपासलं? फ्लोराइड, नायट्रेट किती निघालं?
२. तो अहवाल पंचायतीच्या फलकावर का नाही?
३. तपासणी संच कुठं आहे, आणि शिकवलेल्या पाच बायांची नावं कोणती?
४. गावाला कोणत्या रंगाचं कार्ड मिळालं?
५. ज्या हातपंपाचं पाणी पिण्यालायक नाही, त्यावर तसं लिहिलंय का?

उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी आश्वासन चालवून घेऊ नका.

त्या पोराला मी शेवटी प्रयोगशाळेचा पत्ता दिला. अट एकच घातली. बाटली रोपाच्या नावानं नाही, आईच्या हंड्याच्या नावानं भरून न्यायची. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला: "रोपं उपटली भाऊ. पाणी सोमवारी नेतो."

रोपांचं खरं की खोटं, मी पाहायला गेलो नाही. सोमवारचं मात्र मी विचारणार आहे. अहवाल आला की त्याला विचारून आकडे इथंच टाकतो. तोवर तुम्ही तुमच्या गावचे टाका.