ठिगळ नको, टाकीच बदला

२९ जूनला, संत पेत्र व संत पौल यांच्या सणाला, आपण बोटी सजवतो आणि त्यांच्यावर आशीर्वाद मागतो. डेकखालच्या पेट्रोलच्या टाकीकडे मात्र कोणी पाहत नाही.

कित्येक जुन्या स्पीडबोटींत अ‍ॅल्युमिनियमची टाकी फोममध्ये बसवून वरून डेक कायमचा बंद केलेला असतो. फोम खारे पाणी धरून ठेवतो, टाकीला बाहेरून बारीक भोके पडतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. मग स्टार्टरची एक ठिणगी पुरे.

"एम-सील लावू, हा सीझन निघेल," असे म्हणणारे बंधू आपल्यातही आहेत. आम्हांला हे मुळीच पटत नाही. जुन्या वस्त्राला ठिगळ लावण्याविषयी प्रभू येशू बोलला (मत्तय ९:१६), तिथे विषय वेगळा होता, पण फाडलेले कापड निदान दिसते तरी! डेक कापावा लागतो, खर्च मोठा येतो, खरे आहे. पण त्या बोटीत दुसऱ्यांची लेकरे बसतात.

पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर असतेच. तेव्हा नवी टाकी पाणी निथळेल, हवा खेळेल अशी बसवावी, जुने होजही बदलावेत आणि डेक बंद करण्याआधी हलक्या दाबाने गळती तपासावी. फादरांना त्यानंतर बोलवावे.