यंत्र मेजावर कीं संगणकांत ?

गिरगांवांतील एका एकत्र कुटुंबांतून आम्हांस पत्र आलें आहे. घरांतील पुतण्या संगीताचा नादी असून आंतल्या छोट्या खोलींत ध्वनिमुद्रणाची मांडणी करणार आहे. त्याला सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या कंपनांतून स्वर घडविणारें वाद्य, हवें आहे. बटणांचें व पट्ट्यांचें यंत्रच घ्यावें कीं संगणकांत चालणारें सॉफ्टवेअर घ्यावें, ह्यावरून घरांत दोन तट पडले आहेत. आजोबांचें मत मात्र तिसरेंच, कीं पेटी असतां हा खटाटोप कशाला?

आजोबांचा प्रश्न आधीं घेऊं, कारण मुळाशीं तोच आहे. पेटींत एका स्वरावरून दुसऱ्यावर उडीच मारावी लागते; मींड निघत नाहीं, आणि भैरवांतला कोमल ऋषभ किंचित् खालीं हवा असला तरी पेटी ऐकत नाहीं. अशाच आक्षेपांवरून १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओवर तिला बंदी झाली, व ती १९७१ सालीं सैल होईपर्यंत चालली. पण सिंथेसायझरहि पट्ट्यांचाच. मग त्यानें काय साधतें ?

उत्तर मुंबईंतच सांपडतें. चित्रपटसंगीतांत वाद्यें वाजविणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं भैरव, ललित, तोडी, मालकंस आदिकरून दहा राग सिंथेसायझरवर वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. साधनें तीन, तिन्ही जपानच्या रोलंड कंपनीचीं : ज्युपिटर-८, तालासाठीं टीआर-८०८ आणि टीबी-३०३. हें शेवटचें यंत्र मूळचें बेस गिटारच्या जागीं साथीला घ्यावें म्हणून निघालेलें. पण त्यांत स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याची सोय होती, आणि ती रागाला उपयोगी पडली. मुद्रिकेला त्या वेळीं फारसें कोणीं विचारलें नाहीं. पुढें १९८७ सालीं शिकागोच्या तरुणांनीं त्याच टीबी-३०३ मधून नवें नृत्यसंगीत काढलें, आणि २०१० सालीं सिंगांची मुद्रिका नेदरलंड्समधून पुन्हां निघाली तेव्हां ऐकणारे चकित झाले. सिंग २०१५ सालीं वारले.

आज हीं तिन्ही यंत्रें रोलंड स्वतःच सॉफ्टवेअरच्या रूपानेंहि देते. मूळ यंत्रें संग्राहकांच्या भावानें जातात. तेव्हां निव्वळ आवाजासाठीं यंत्र घ्यावें हा मुद्दा आतां पुष्कळसा लंगडा झाला आहे. दोहोंतला भेद आम्ही डोळे मिटून ओळखूं असें जे म्हणतात, त्यांचे डोळे एकदां खरोखरच बांधून पाहावे !

सॉफ्टवेअरला जागा लागत नाहीं. अर्धवट राहिलेलें गाणें उद्यां जसेंच्या तसें उघडतें. आणि पुष्कळ सॉफ्टवेअरांत प्रत्येक स्वर हवा तितका चढवितां-उतरवितां येतो. कांहीं यंत्रांतहि ही सोय असते, पण ती विचारून घ्यावी लागते. उलट बाजूस, संगणक आवाज तुकड्यांतुकड्यांनीं देतो. सेकंदास ४४,१०० नमुने ह्या मानानें २५६ नमुन्यांचा तुकडा सुमारें ६ सहस्रांश सेकंदाचा होतो. तेवढा विलंब हाताला कळत नाहीं. तोच १०२४ चा केला कीं २३ सहस्रांश होतात, व वाजविणारा लयींत अडखळतो. शिवाय संगणक बदलला कीं जुनें सॉफ्टवेअर कधीं मुकें होतें. यंत्राची दुरुस्ती होऊं शकते. पण समुद्राकांठच्या दमट हवेंत त्याचीं बटणें खरखरूं लागतात, म्हणून तें झांकून ठेवावें व वाजतें ठेवावें.

आम्हांस मात्र ह्याहून मोठी गोष्ट दुसरीच वाटते. संगणकाला परवलीचा शब्द असतो; त्यांतलें वाद्य एकट्या पुतण्याचें. बाहेरच्या खोलींत ठेवलेल्या यंत्राचें बटण धाकटी मुलगी फिरवून पाहील, आणि सायंकाळीं काकू त्यावर षड्ज धरून अभंग म्हणतील. एकत्र घरांत हा हिशेब सोडून चालत नाहीं.

म्हणून पुतण्यानें पहिलें वर्ष सॉफ्टवेअरवर काढावें. त्यासोबत चार सप्तकांचा, संगणकाला जोडावयाचा पट्ट्यांचा फलक घ्यावा, आणि शेजाऱ्यांसाठीं चांगले हेडफोन. वर्षाअखेर नेमकें काय उणें पडतें हें त्याला एका वाक्यांत सांगतां आलें, तर एकच यंत्र घ्यावें. तें संगणकावांचून वाजणारें असावें व त्याला स्वतःचा भोंगा असावा. खरेदीस जातांना आजोबांस बरोबर न्यावें. दुकानांतच भैरव लावून कोमल ऋषभ उतरवून पाहावा; त्यांच्या कानास पटला तरच पैसे मोजावे.