साथ यंत्राची, स्वर माणसाचा

अरेंजर कीबोर्ड म्हणजे एकट्या वादकाचा वाद्यवृंदच होय. डाव्या हाताने कॉर्ड धरली की ताल, बास व इतर वाद्यांची साथ आपोआप उभी राहते. अशा साथीवर आजीचे स्तवन किंवा आजोबांचे भावगीत ध्वनिमुद्रित करावे, अशी इच्छा अनेक कुटुंबांत असते. वाजविताना साथ भरदार भासते. मुद्रण ऐकताना मात्र ती पोकळ आणि दूरची वाटते. दोष बहुधा वाद्याचा नसतो. ध्वनी ज्या वाटेने टिपला जातो, त्या वाटेचा असतो.

कीबोर्डच्या स्पीकरसमोर मोबाइल ठेवला की सुरांबरोबर पंख्याची घरघर, भिंतींवरून परतणारा आवाज आणि पट्ट्यांची टकटकही त्यात उतरते. म्हणून साथ हवेतून न घेता थेट वाद्यातूनच घ्यावी. काही कीबोर्डांत पेनड्राइव्हवर डब्ल्यूएव्ही फाइल मुद्रित करण्याची सोय असते. ती असल्यास तीच वापरावी. नसल्यास डावे व उजवे, दोन्ही लाइन आउट ऑडिओ इंटरफेसला जोडावेत. मीटरवर सर्वांत मोठा आवाजही उणे 6 डेसिबलच्या आसपास राहावा. शून्याची मर्यादा ओलांडताच ध्वनी फाटतो आणि तो सहसा पूर्ववत होत नाही. 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिटची स्टीरिओ फाइल मिनिटाला सुमारे 10 एमबी जागा घेते. मूळ प्रत एमपी3मध्ये न ठेवता याच रूपात जपावी.

साथ व गायन एकाच वेळी मुद्रित करू नये. प्रथम गाणाऱ्यांकडून दोन ओळी विनासाथ म्हणवून घ्याव्यात. त्यांची पट्टी ट्रान्सपोजने आणि लय टेम्पोने जुळवावी. वृद्ध कंठाने यंत्रामागे धावू नये. यंत्राने त्याच्या चालीने चालावे. साथ तयार झाली की ती हेडफोनवर ऐकवावी. पडदे, गाद्या असलेल्या खोलीत, पंखा बंद करून, माइक ओठांपासून वीतभर दूर ठेवावा आणि गायन स्वतंत्र ट्रॅकवर घ्यावे. रिव्हर्ब नंतर, बेतानेच द्यावा.

गाणाऱ्यांना थकवा जाणवताच थांबावे. साथ उद्या पुन्हा वाजविता येते. आजचा कंठ उद्या तसाच लाभेल याची शाश्वती नसते. म्हणून दोन्ही ट्रॅक वेगवेगळे आणि दोन ठिकाणी जतन करावेत. नातवंडे पुढे हवी तर नवी साथ रचतील. आजीचा स्वर मात्र त्यांना निर्भेळ मिळालेला असेल.